महालक्ष्म्यांचे दिवस, संत्र्याचा बगीचा आणि मॅक्रो लेन्स

आवाहनाचा दिवस

नागपूरहून काटोल, जलालखेडा करत वरुडच्या दिशेने निघाले, की सुरुवातीला कपाशी, तूर आणि सोयाबीनच्या वावरांमधून अधूनमधून संत्र्याचा एखादा बगीचा दिसतो. वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात शिरल्यावर मात्र बगीचेच सलग होत जातात आणि कपाशी मधल्या जागेपुरती उरते. उत्तरेला सातपुड्याची रांग, खाली काळी माती, आणि त्या मातीत ओळीने लावलेली गडद हिरवी, गोल घेराची झाडे. वरुड-मोर्शीच्या या भागाला लोक कौतुकाने 'विदर्भाचे कॅलिफोर्निया' म्हणतात, आणि इथल्या रेल्वे स्थानकाच्या पाटीवरही 'वरुड ऑरेंज सिटी' असेच लिहिलेले आहे. माझे सासर याच तालुक्यातले. भाद्रपदात महालक्ष्म्यांना सारे घर गावी जमते, आणि त्या निमित्ताने मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक वस्तू जवळून टिपणारे भिंग, लावलेल्या माझ्या कॅमेऱ्यालाही बगीच्यात जायला मिळते.

अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि महाप्रसाद, मूळ नक्षत्रावर विसर्जन असा या सणाचा क्रम ठरलेला असतो. घरच्या सुनेला या दिवसांत मोकळा वेळ मिळतो तो पहाटे चहापूर्वी, दिवेलागणीच्या आधी आणि रात्रीची भांडी आवरल्यानंतर. कीटकांची छायाचित्रे काढणाऱ्याला याहून सोयीच्या वेळा मिळणार नाहीत. भर दुपारी ऊन डोक्यावर असते, फुलांचे रंग फिके पडतात, फुलपाखरे एका जागी ठरत नाहीत आणि चतुर जवळ येऊ देत नाहीत. त्या वेळी पुरण वाटत बसण्यात छायाचित्रकाराचे काहीच बुडत नाही, हे मी धाकट्या जावेला दरवर्षी सांगते आणि तिला ते दरवर्षी पटत नाही.

बगीचा घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. या दिवसांत संत्र्याला फूल नसते. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि मृग बहाराची जून-जुलैत, त्यामुळे पांढऱ्या फुलांनी झाकलेली फांदी आणि तिच्यावरच्या मधमाश्या हवे असतील तर त्यासाठी वेगळ्या ऋतूत यावे लागते. भाद्रपदात आंबियाची फळे हिरवी पण भरत आलेली असतात, मृगाची अजून बारीक असतात, आणि पावसाळ्यात फुटलेल्या कोवळ्या पालवीवर खाणाऱ्यांची झुंबड असते. फुले मिळतात ती धुऱ्यावर म्हणजे बांधावर, कुंपणाला, विहिरीच्या कडेला आणि घरामागच्या वाड्यात. म्हणजे फुलांसाठी एक वाट आणि किड्यांसाठी दुसरी, आणि दोन्ही वाटा बगीच्याला वळसा घालूनच जातात.

वावरात पाय ठेवण्याआधी मी भाऊजींना एकच प्रश्न विचारते: कोणत्या ओळींवर कधी फवारले आहे? माझे दीर गेली कित्येक वर्षे हा बगीचा राखतात, आणि हा प्रश्न त्यांना आवडतो, कारण पाहुण्यांपैकी तो दुसरे कोणी विचारत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून आमच्या घरी फवारणीनंतर त्या ओळीत मुलांना सोडत नाहीत. कीटकांच्या छायाचित्रणात माणूस पानाला नाक लावून बसलेला असतो, हे लक्षात घेतले तर ही चौकशी कॅमेऱ्याच्या बॅटरीइतकीच आवश्यक ठरते. शिवाय फवारलेल्या ओळीत टिपण्यासारखे काही उरलेलेही नसते.

दुपारी पत्री आणायला निघालो, तेव्हा माझ्याबरोबर माझी मुलगी, पुतण्या आणि सासूबाई होत्या. सासूबाईंची नजर पत्रीवर, पुतण्याची चतुरांवर, मुलीची तिच्या मोबाइलला लावलेल्या चिमट्याच्या भिंगावर आणि माझी धुऱ्यावरच्या कळलावीवर. पावसाळ्यात कुंपणाच्या काट्यांवर चढणारी ही वेल पानाच्या टोकाशी असलेल्या वळणदार तणाव्याने आधार धरते. तिच्या पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या असतात आणि पुढे लाल होत जातात. त्या मागे वळलेल्या असल्यामुळे पुंकेसर खाली बाजूंना चक्राकार पसरलेले दिसतात. एकाच वेलीवर तिन्ही अवस्थांची फुले मिळाली. आभाळ भरून आलेले असल्याने प्रकाश सर्व बाजूंनी सारखा पडत होता आणि लाल रंग फाटत नव्हता. उन्हात हेच फूल टिपले तर पाकळ्यांच्या कडा जळलेल्या दिसतात. सासूबाईंनी लांबूनच सांगितले, "हात लावू नको वं पोरी, इख असते त्याच्यात." त्यांचे खरे आहे. कळलावीत कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असते आणि तिचा कंद तर फारच घातक असतो.

आघाडा, दूर्वा आणि तेरडा टोपलीत पडले. तेरड्याच्या फुलाला मागे एक बारीक वाकडी नळी असते, तिच्यात मध असतो, आणि तो पिणाऱ्या कीटकाला फुलात पुरते तोंड घालावे लागते. एक निळ्या पट्ट्यांची रानटी मधमाशी हेच करत होती. तिच्या काळ्या पोटावर चमकदार निळे पट्टे असतात, आणि ती फुलासमोर क्षणभर हवेत स्थिर राहून मगच आत शिरते. त्या क्षणभरात लेन्स तिच्यावर नेमकी धरणे जवळपास अशक्य असते, म्हणून मी तिचा पाठलाग सोडला आणि संध्याकाळची वाट पाहिली. या जातीतील नर दिवस मावळताना एखाद्या वाळक्या काडीवर जमतात, जबड्यांनी काडी घट्ट पकडतात आणि त्याच स्थितीत रात्र काढतात. विहिरीजवळच्या वाळलेल्या गवतावर ते एका ओळीत लटकलेले सापडले. घरात दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले काढून महालक्ष्म्या आत येत होत्या आणि धाकटी जाऊ "ताई, या ना आता" म्हणून हाका मारत होती, त्यामुळे हाताशी वेळ फार थोडा होता. पण झोपलेली माशी हलत नाही. तिपाईवर कॅमेरा लावून, फ्लॅशपुढे पांढऱ्या पातळ कागदाचा पडदा धरून काढलेल्या चित्रांत तिच्या डोळ्यांची जाळीसुद्धा उतरली.

पूजनाचा दिवस

रात्री पाऊस पडून गेला होता. काळी माती चपलेला धरून ठेवत होती, म्हणून अनवाणीच बगीच्यात शिरले. घरामागच्या गोडलिंबापासून सुरुवात केली, कारण संत्र्यावर जे फुलपाखरू अंडी घालते तेच गोडलिंबावर, लिंबावर आणि देवळामागच्या बेलावरही घालते. या फुलपाखराला लाइम बटरफ्लाय म्हणतात. काळ्या पंखांवर फिकट पिवळ्या ठिपक्यांची नक्षी असते आणि मागच्या पंखांना शेपटी नसते. मादी कोवळ्या पानावर एकेकच फिकट पिवळे, गोल अंडे ठेवते, आणि त्याचा आकार जेमतेम मिलिमीटरभर असतो. मुलीने तिच्या मोबाइलच्या भिंगातून ते माझ्याआधी शोधले.

पुढच्या अवस्था रोपांवर मिळाल्या. भाऊजी मर झालेल्या झाडांच्या जागी लावण्यासाठी शेंदूरजनाघाटहून जंभेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेल्या कलमा आणून ठेवतात. त्या गावाचा रोपवाटिकांचा धंदा जुना आणि प्रसिद्ध आहे. त्या कलमांच्या कोवळ्या शेंड्यांवर लहान अळ्या बसल्या होत्या. लहान अळी तपकिरी-काळी असते, तिच्यावर पांढरे ओघळ असतात, आणि पानावर उघड्यावर बसूनही ती पक्ष्याची विष्ठा वाटते. पक्षी अर्थातच तिच्याकडे दुर्लक्ष करतो. चार वेळा कात टाकून ती मोठी झाली, की हे सोंग तिला पुरेनासे होते आणि ती पानाच्या रंगाची हिरवी होते. पुतण्याने काडीने अशा एका हिरव्या अळीला हळूच स्पर्श केला, तशी तिने मान उचलली आणि डोक्यामागून केशरी रंगाची दोन शिंगे बाहेर काढली. आंबूस, उग्र वास सुटला. शिंगे बाहेर असतात ती फार थोडा वेळ, आणि वारंवार डिवचले तर अळी थकते व पुढे दाद देत नाही, म्हणून कॅमेरा आधी नेम धरून ठेवायचा आणि मगच स्पर्श करायचा. लेन्सचे छिद्र एफ ११ ला ठेवून आणि एकास एक प्रमाणात, म्हणजे अळी कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराची उमटेल इतक्या जवळून, चित्र काढताना स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. म्हणजे शिंगांची टोके स्पष्ट आली तर डोके धूसर येते, आणि डोके धरले तर शिंगे धूसर. मी डोके निवडते. डोळे किंवा तोंड अस्पष्ट असलेले चित्र कितीही रंगीत असले तरी पाहणाऱ्याला ते बिघडलेलेच वाटते.

भाऊजी तोवर येऊन उभे राहिले होते. अळीने खाल्लेला शेंडा त्यांनी चिमटीत धरून पाहिला. "वहिनी, तुमचं झालं का फोटो काढणं? मंग मी हिला उचलतो," एवढेच ते म्हणाले आणि माझे झाल्यावर त्यांनी अळ्या वेचून डब्यात टाकल्या. मोठ्या झाडाला या अळीचे विशेष काही होत नाही, पण कलमेचा शेंडा गेला तर तिची वाढ खुंटते. म्हणून या अळ्यांना फवारणी करण्यापेक्षा त्या हाताने वेचणे त्यांना स्वस्त पडते. हे सगळे मला पुस्तकातून मिळाले नव्हते. मी पुस्तकातून अळीच्या पाच अवस्था शिकले, पण त्या कोणत्या झाडाच्या कोणत्या फांदीवर, कोणत्या पंधरवड्यात मिळतील हे सांगणारा माणूस तो, ज्याला त्या नको असतात. निसर्गप्रेमी मंडळींबरोबर फिरताना जे सापडले नाही ते या बगीच्यात भाऊजींच्या एका बोटावर सापडते, असा माझा अनुभव आहे.

त्यांनी दाखवलेली दुसरी वस्तू म्हणजे पान पोखरणारी अळी. ती पानाच्या आतच राहते. पानाच्या दोन थरांमध्ये खात जाताना तिच्या मागे चंदेरी, नागमोडी वाट उमटते, आणि त्या वाटेच्या मध्यभागातून विष्ठेची बारीक काळी रेघ गेलेली असते. हे पान समोरून टिपण्यात मजा नाही. मुलीने ते आभाळाकडे धरले आणि मी खालून चित्र काढले, तेव्हा पान काचेसारखे उजळले, शिरा वेगळ्या झाल्या आणि वाटेच्या शेवटी बसलेली फिकट पिवळी अळी स्पष्ट दिसली. त्याच फांदीवर क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाची अंडी होती, प्रत्येक अंडे केसाइतक्या बारीक देठाच्या टोकावर. अंड्यातून आधी बाहेर पडणारी अळी भुकेली असते आणि तिने शेजारची अंडी खाऊ नयेत म्हणून ही उंची उपयोगी पडते. क्रायसोपाची अळी मावा खाते, त्यामुळे भाऊजी तिला हात लावत नाहीत.

ऊन आले तेव्हा कुंपणाच्या घाणेरीवर कॉमन मॉर्मन फुलपाखरे उतरू लागली. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. माद्या मात्र एकसारख्या नसतात: काही अगदी नरासारख्या, तर काही कॉमन रोझ किंवा क्रिमझन रोझ या वेगळ्याच फुलपाखरांची नक्कल करणाऱ्या. ती रोझ फुलपाखरे किडामारीसारख्या विषारी वनस्पतीवर वाढलेली असल्याने पक्षी त्यांच्या वाट्याला जात नाहीत, आणि त्यांची नक्कल करणारी मॉर्मन मादी बिनविषारी असूनही वाचते. ही वेगवेगळी रूपे 'डबलसेक्स' या एकाच जनुकाच्या नियंत्रणाखाली असतात, हे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले. घाणेरीवर बसलेले फुलपाखरू खरे रोझ आहे की सोंग घेतलेली मॉर्मन, हे ओळखायला त्याच्या अंगाकडे पाहावे. रोझचे अंग लाल असते, मॉर्मनचे काळे. पंखांवर भाळणाऱ्या छायाचित्रकाराच्या चित्रात नेमके अंगच पंखांआड लपते, म्हणून मी या वेळी मुद्दाम बाजूने, पंख मिटलेले असताना टिपले. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले नीलवंत याच कुळातले आणि त्याची अळीही लिंबूवर्गीय झाडांवर वाढते, पण ते आम्हाला दिसले नाही.

त्यानंतर घरात सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, कढी, वडे आणि डोक्यावर टांगलेला फुलोरा. पंगती उठल्या तेव्हा दिवस कलला होता.

रात्री पुन्हा बगीच्यात निघालो. घोणस आणि मण्यार यांच्या भीतीने भाऊजींनी सर्वांना गुडघ्यापर्यंतचे बूट घालायला लावले, हातात काठ्या दिल्या आणि मुलांना मधल्या मोकळ्या वाटेवरच राहायला सांगितले. आम्ही शोधत होतो फळातील रस शोषणारा पतंग. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात आंबियाची फळे भरू लागली, की अंधार पडल्यावर तो बगीच्यात येतो. बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते आणि ती फुलातला मध पिण्यापुरतीच असते. याची सोंड टोकाला कठीण व काटेरी असते आणि ती संत्र्याच्या सालीतून थेट आत जाते. छिद्र टाचणीच्या टोकाएवढे असते, पण त्यातून बुरशी आणि जिवाणू शिरतात, फळ मऊ पडते आणि दोन-चार दिवसांत गळते. दिवसा दाबले तर त्या छिद्रातून रसाचा थेंब वर येतो. भाऊजींनी तसे एक फळ सकाळीच दाखवले होते.

विजेरीच्या उजेडात पतंगाचे डोळे लालसर चमकतात. प्रथम डोळे दिसले, मग वाळक्या पानासारखे समोरचे पंख. पंखांवर पानाची मधली शीरसुद्धा असते. मागचे पंख केशरी आणि त्यांवर काळी खूण. ती गोल असेल तर पतंगाची जात युडोसिमा मॅटर्ना. पण मिटलेल्या अवस्थेत हे केशरी पंख पूर्ण झाकलेले असतात, त्यामुळे ओळख पटवणारा भाग टिपायचा असेल तर पंख फडफडण्याची वाट पाहावी लागते. सोंड फळात रुतलेली असताना पतंग सहसा उडत नाही. विजेरीवर लाल कागद बांधला, कॅमेरा हातातच धरला, आणि स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची एक बाजू फळाच्या सालीवर व दुसरी पतंगाच्या डोळ्यावर येईल असा कोन शोधला. पंख पसरले तो क्षण फ्लॅशमध्ये सापडला. खूण गोल होती.

पतंगाची अळी संत्र्यावर नसतेच. ती गुळवेल आणि वासनवेल या वेलींवर वाढते, आणि बगीच्याभोवतीच्या या वेली काढून टाकाव्यात असा कृषी विभागाचा सल्ला असतो. आमच्या धुऱ्यावर मात्र निंबावर चढलेली गुळवेल अजून शाबूत आहे, कारण सासूबाई काढ्यासाठी ती तोडू देत नाहीत. हा वाद घरात जुना आहे. त्यावर तोड म्हणून भाऊजी संध्याकाळी बगीच्याच्या कडेने ओल्या पाल्याचा धूर करतात, आणि त्या धुराने पतंगांबरोबर माझेही डोळे चुरचुरतात. धूर विरेपर्यंत आम्ही पारावर बसून राहिलो. अंगणातल्या मोठ्या दिव्याखाली तोवर हिरवे क्रायसोपा, भुंगेरे आणि एक लांबलचक खंडोबाचा घोडा जमा झाले होते, आणि बाहेर न आलेल्या पाहुण्यांना घरबसल्या सारे पाहायला मिळाले.

विसर्जनाचा दिवस

सकाळी बगीच्यापलीकडच्या कपाशीत गेलो. कपाशीचे फूल सकाळी उमलते तेव्हा मलईच्या रंगाचे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, त्यामुळे एकाच झाडावर दोन वेगळ्या रोपांची असावीत तशी फुले शेजारी शेजारी असतात. एका चौकटीत दोन्ही घ्यायची तर फांदीच्या समांतर बसावे लागते. पांढरे फूल टिपताना प्रकाश किंचित कमी ठेवला नाही तर पाकळ्यांवरच्या बारीक शिरा पुसल्या जातात.

सगळी फुले मात्र उमललेली नव्हती. काही फुलांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून, पिळून बंद झालेल्या होत्या. ही डोमकळी. गुलाबी बोंडअळी आत शिरून पाकळ्या धाग्यांनी आवळते आणि फूल उघडतच नाही. भाऊजींनी एक डोमकळी तोडून नखाने उकलली. आत फिकट रंगाची लहान अळी परागकण खात बसली होती. नाव गुलाबी असले तरी गुलाबी रंग तिला पुढे, मोठी झाल्यावर येतो. मी दोन चित्रे घेतली, बंद डोमकळीचे आणि उघडलेलीचे, आणि छायाचित्र म्हणून पहिलेच सरस उतरले. त्यांनी बाकीच्या डोमकळ्या खुडून पिशवीत भरल्या. वावरात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, टांगलेले होते. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर उपाय करायचा, हा हिशेब पुतण्याला तोंडपाठ आहे. सापळे मोजण्याचे काम त्याच्याकडेच असते.

धुऱ्यावरच्या भेंडीच्या फुलात काळ्या अंगावर केशरी-लाल पट्टे असलेले ब्लिस्टर बीटल पाकळ्या कुरतडत होते. रंगाने फार देखणा, आणि पळून जात नाही, म्हणून छायाचित्रकाराचा लाडका. पण त्याच्या अंगातून निघणाऱ्या कॅन्थरिडिन या द्रव्याने कातडीवर फोड येतात, म्हणून मुलांना दोन हात लांब ठेवले. फुले खाऊन हा पिकाचे नुकसान करतो, आणि याच्या अळ्या नाकतोड्यांची अंडी खातात. याला शत्रू मानावे की मित्र, असे मी विचारले तेव्हा भाऊजींनी खांदे उडवले. "फूल खाल्लं त शत्रूच नं."

रुईच्या झुडपावर पुष्कळ वेळ गेला. तिच्यावर निळ्या-हिरव्या अंगाचे, पिवळ्या पट्ट्यांचे मोठे टोळ होते. रुईचा विषारी चीक पचवून हा टोळ स्वतःही कडवट होतो आणि म्हणून असा उघड्यावर मिरवू शकतो. शेजारी काळा भुंगा रुईच्या फुलावर उतरत होता. रुईचे पराग सुटे नसतात, ते दोन पिवळ्या पुड्यांमध्ये बांधलेले असतात आणि भुंग्याच्या पायांना अडकून दुसऱ्या फुलावर जातात. चित्र मोठे करून पाहिले तर भुंग्याच्या पायाला लटकलेली ती जोडी दिसते. मला ती दिसली, आणि या प्रवासातले सर्वांत समाधान देणारे चित्र मी तेच मानते, जरी घरच्यांना कळलावी अधिक आवडली.

दुपारनंतर दहीभात, आरती आणि विसर्जन झाले. संध्याकाळी खळ्यावर पिवळ्या चतुरांचे थवे घिरट्या घालत होते. पावसाळ्याबरोबर येणारे हे चतुर पुढे ऑक्टोबरच्या सुमारास हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातात. एकही बसत नव्हता. पुतण्याने टोपी टाकून एक पकडला, मुलीने तो जवळून पाहिला आणि सोडून दिला.

निघण्याची सकाळ

सामान गाडीत चढत असताना भाऊजींनी मला पुन्हा बगीच्याच्या उत्तरेकडच्या ओळीत नेले. तिथल्या झाडांची पाने वरून काळी पडली होती. ही कोळशी. काळी माशी नावाचा एक अगदी लहान कीटक पानाच्या खालच्या बाजूला रस शोषतो, त्याच्या अंगातून गोड चिकट द्रव पाझरतो, आणि तो पानांवर पडून त्याच्यावर काळी बुरशी चढते. पान काळे झाले की त्याला उजेड मिळत नाही आणि झाड खंगते. बुरशी दिसते, माशी दिसत नाही. ती पानाच्या पाठीवर असते आणि तिची पिले म्हणजे काळे, काटेरी, हलत नसलेले ठिपके.

भाऊजींना अंडी पाहायची होती. काळी माशी अंडी गोलाकार वळणात घालते, आणि ती उबण्याच्या सुमारास फवारणी केली तर उपयोग होतो. पिले मोठी होऊन टणक झाल्यावर औषध वाया जाते. नुसत्या डोळ्यांना अंडी भरलेली आहेत की रिकामी, हे कळत नाही. मी पान उलटे करून लाकडी फळीवर चापाने बसवले, फ्लॅश तिरका लावला आणि जितके जवळ जाता येईल तितके जाऊन चित्रे घेतली. मागच्या काचेवर मोठे करून पाहिले. अंड्यांचे वळण स्पष्ट होते, मधली काही फुटलेली होती, बाहेरची बरीचशी अजून भरलेली. भाऊजी कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. मग ओळीतल्या आणखी काही झाडांची पाने त्यांनी स्वतः तोडून आणली आणि त्या प्रत्येकाचे चित्र घ्यायला लावले, झाडाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून पानाशेजारी ठेवून.

त्या सगळ्या चित्रांत अर्धी अंडीही फुटलेली नव्हती. त्यांनी फवारणी आठवडाभर पुढे ढकलली आणि चित्रे मोबाइलवर पाठवायला सांगितली, गटशेतीतल्या मंडळींना दाखवण्यासाठी. गाडी सुरू होता होता खिडकीशी येऊन म्हणाले, "वहिनी, आंबियाच्या फुलांत याल तेव्हा डिंक्याचेबी काढजा. खोडाचे." डिंक्या हा कीटक नाही, बुरशीने होणारा रोग आहे, पण मी हो म्हटले.